वादी

इथे कोरड्या नदीला वादी म्हणतात.
माझ्या भाषेत वादी म्हणजे दाद मागणारा.
कल्तूमाला हे सांगितलं, तेव्हा ती हसली नाही;
चहात साखर टाकत म्हणाली,
मग ही नदीच उभी करा कोर्टात,
तिनं सगळं पाहिलंय.

छावणीपासून पलीकडचा काठ चारशे पावलं.
मधे वाळू, एक फुटका जेरीकॅन,
आणि दोन देशांची हद्द, जी शेळ्यांना माहीत नाही.
तिकडे गेलं की फोनला दुसरी रेंज मिळते
आणि मेसेज येतो : सुदानमध्ये आपलं स्वागत आहे.

तपासनीस तीनदा येऊन गेले.
पहिल्यानं विचारलं, तो किती अंतरावर होता?
कल्तूमानं तंबूत पावलं मोजून दाखवली. अकरा.
तंबू नवातच संपला,
उरलेली दोन तिनं बाहेर उन्हात टाकली.
तिसऱ्यानंही तेच विचारलं.
मी दुभाषी. तेच वाक्य पुन्हा तिच्यापुढे ठेवलं.

हेगमध्ये वॉरंट निघालं आहे.
त्यावर नाव आहे, बापाचं नाव आहे,
जन्मसाल अंदाजे.
हेगला पोलीस नाहीत.
हेग विनंती करतं.

गेल्या गुरुवारी पुतण्याच्या लग्नाला
तो पलीकडे आला होता म्हणे.
हवेत गोळ्या झाडल्या, नगारे वाजले;
इकडे गाढवं बिथरली.
विनंती तेव्हा कुठल्याशा राजधानीत
टेबल बदलत होती.

कल्तूमा काठावर गेली,
मोजत चालू लागली.
तीनशे ऐंशीला थांबली.
हातातला फोन थरथरला :
आपलं स्वागत आहे.