खळं

डॉक्टर बोर्ड्यांनी फिल्म खिडकीला धरली.
बाहेर मगरपट्ट्याच्या काचा,
आत ह्यांचं उजवं फुफ्फुस
आणि त्यात एक पांढरट डाग,
भोवती धुरकट कडं.
मी म्हटलं, चंद्राला खळं पडतं तसं दिसतंय.
ते म्हणाले, आम्हीही साधारण तेच म्हणतो, ताई.

मग म्हणाले, संधिसाधू संसर्ग.
हे ऑक्सिजनच्या नळीआडून हसले :
आमच्या वॉर्डातल्या नगरसेवकासारखा?
हसण्याचा खोकला झाला.
खोकल्यात रक्त आलं, फार नाही,
शेवंतीच्या पाकळीएवढं.

बुरशी आहे. मातीत असते, कुजक्या पाल्यात, हवेत.
तुम्ही-आम्ही रोज ओढतो आत,
काही होत नाही.
धंदा काय तुमचा?

मांजरीला आमची नर्सरी.
आता ह्या माणसाला कसं सांगू
की पस्तीस वर्षं आम्हीच तिला पोसली!
आंब्याचा, वडाचा, बदामाचा पाचोळा
पोत्यांनी गोळा करून तिच्या तोंडी घातला,
वर शेणपाणी शिंपडलं, गोणपाट पांघरलं.
थंडीत ढिगात फावडं घातलं की वाफ निघायची,
वाफेबरोबर राखेसारखी हिरवट भुकटी.
हे मूठभर खत नाकाशी धरायचे,
जुना तांदूळ पारखतात तसं,
आणि म्हणायचे, पिकलं. गुलाबाला चालेल.
तिचं नाव आम्हाला माहीत नव्हतं.
काम माहीत होतं :
गळून पडेल ते मऊ करायचं.

गेल्या श्रावणात माझी एक किडनी काढून
ह्यांच्या पोटात बसवली.
एकतीस वर्षांचा संसार,
तरी ह्यांच्या रक्ताला मी परकीच.
म्हणून गोळ्या. सकाळी आठ, रात्री आठ,
मोबाइलवर गजर लावून.
गोळ्यांनी पहारेकरी निजवले,
कोणी मला हटकू नये म्हणून.
मी आत गेले.
दार उघडंच राहिलं.

मातीत हात घालायचा नाही, असं बजावलं होतं.
मास्क होता, खिळ्याला टांगलेला.
पण पौषात खराडीच्या सोसायटीची ऑर्डर आली,
दोनशे गुलाब,
आणि लहानू नेमका गावी, जत्रेला.
नुसता ढीग उघडून बघतो, म्हणाले.
नुसता.
नाकाशी धरलं असणारच.
मी तेव्हा गिऱ्हाइकाला मोगऱ्याचे भाव सांगत होते.

आता डॉक्टर रोज तागडी धरून बसतात.
गोळ्या कमी केल्या तर किडनी रुसेल,
नाही केल्या तर बुरशी पसरेल.
एका पारड्यात ती, एका पारड्यात मी.
मधला काटा म्हणजे हे,
चौऱ्याण्णववर, त्र्याण्णववर,
मशीन बोंबललं की अठ्ठ्याऐंशीवर.

नव्या औषधाने ह्यांना रंग दिसतात.
सिस्टर म्हणाली, होतं असं, घाबरू नका.
रात्री पंख्याभोवती हिरवा उजेड,
भिंतीवर जांभळं काहीतरी हलतं.
शालन, म्हणाले, वरची सगळी कलमं लागली बघ.
मी वर बघितलं.
छताला पोपडे होते.
म्हटलं, हो. एकही वाया गेलं नाही.

आज क्रिएटिनिन दोन पॉइंट एक.
काल एक पॉइंट आठ होतं.
म्हणजे पहारेकरी कूस बदलतायत.
माझा एक तुकडा तिकडे अंधारात
गप्प बसून असेल,
कोणी नाव विचारू नये म्हणून.

संध्याकाळी लहानूचा फोन आला.
ताई, तो ढीग पेटवून देऊ का?
रडत होता, जत्रेला गेला म्हणून.
मी म्हटलं, नको रे.
पाणी मार, गोणपाट टाक,
आणि तोंडाला फडकं बांध आधी, दुहेरी.
माघ आहे. अजून पिकायचाय तो.