प्रौढ व्यक्ती : दोन

इंग्लंडात समुद्र सगळ्यात लांब कुठून असेल
तर तो आमच्या डर्बीपासून,
असं शेजारचा क्लाइव्ह सांगतो,
जणू त्यानंच टेपचं दुसरं टोक धरलं होतं.
म्हणून असेल, फेब्रुवारी लागला की
या गल्लीत जो तो बेटांविषयी बोलतो.

निशिकांतनं तक्ता केलाय.
आडवे रकाने : विमान, ऊन, जेवण, व्हिसा.
उभी गावं : लिस्बन, नेपल्स, मालागा,
मग बेटं. मॉरिशस, झांझिबार, बार्बाडोस,
आणि मालदीव, तांबड्या अक्षरांत, भावामुळे.

व्हिसाच्या रकान्यात आमचे निळे पासपोर्ट
आधीच जाऊन बसलेत, मांडी घालून.
लिस्बन गेलं, तारीखच मिळतेय ऑक्टोबरची.
नेपल्स गेलं त्याच दारानं.
रेवाला घसरगुंडीचं हॉटेल हवंय,
समुद्र असला तरी चालेल.

आणि मी
प्रत्येक फोटोत एकच माड शोधतेय,
डावीकडे झुकलेला,
खाली एक होडी, वल्ह्याशिवाय.

लातूरला आमच्या स्वयंपाकघरात
खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं.
वर्ष संपलं, दुसरं आलं, तेही संपलं,
हे मात्र मे महिन्यावरच थांबलेलं.
चौकोनांत आईनं दुधाचे आकडे लिहिलेले,
अर्धा, अर्धा, पाऊण, खाडा,
आणि वर ते बेट,
फोडणीच्या धुरानं जरासं संध्याकाळ झालेलं.
नळाला आठवड्यानं पाणी यायचं तेव्हा.
कळशा लावताना मी बघत राहायची :
इतकं पाणी, आणि रांग नाही.

परवा फोनवर विचारलंच,
आई, ते कुठलं बेट गं?
"कसलं बेट? भिंतीचा पोपडा निघालेला तिथं,
झाकायला लावलं होतं."
निशिकांत हसला. मीही.
तेवढ्यात मॉरिशस चौऱ्याऐंशी पौंडांनी वर गेलं.

मग तिच्याकडून नुसती कुकरची शिट्टी,
थोड्या वेळानं दुसरी.
मी फोन ठेवणार, तर म्हणाली,
"होडीत माणूस नव्हता बघ.
भाजी चिरताना रोज वाटायचं मला,
उतरून गेला कुठं हा?
जेवायला तरी परत येईल की नाही."

त्या रात्री, रेवा झोपल्यावर,
पडद्यावर चौकोन होता, प्रौढ व्यक्ती : दोन.
बाजूला अधिकचं चिन्ह.
मी दाबलं.
निशिकांतनं चष्मा कपाळावर सरकवला,
बोलला काहीच नाही,
तक्त्यात व्हिसाच्या आधी
एक नवा रकाना घातला,
कारण आईकडे पासपोर्टच नाही.

बेट अजून ठरलेलं नाही.
पासपोर्टच्या कचेरीत तिला मंगळवार मिळालाय,
सकाळी सव्वादहा.
दोन्ही कान दिसले पाहिजेत फोटोत,
एवढं मी तिला तीनदा सांगितलंय.
ती विचारते, साडी कुठली नेसू.