शेरा

धानाची मळणी आटोपली की उपकेंद्रात शिबिर लागतं.
यंदा डोक्याचं.
तालुक्याहून आलेला तरुण डॉक्टर विचारतो,
मी, गावची आशा, आकडे भरते.

इरपाबाई मडावीला त्यानं तीन शब्द दिले सांभाळायला :
सफरचंद, टेबल, नाणं.
तिनं ते घेतलेच नाहीत.
तारीख? "तारीख तुमच्यापाशी राहते."
शंभरातून सात? "काहाचे सात?"
घड्याळ काढा म्हटलं तर एक गोल काढला
आणि पेन परत दिला.
"कागद चांगला हाये, कायले खराब करता."
नऊ.
उठताना म्हणाली, "पोरी, तुमचा फ्रीज आज घरघरत नाई."
पाहिलं तर खरंच,
लसी कोमट होत चालल्या होत्या.
त्याचा गुण कुठल्याच ओळीत नव्हता.

मग खोब्रागडे गुरुजी.
इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन.
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट,
पायऱ्या उतरले, कठड्याला हात न लावता.
घड्याळ असं काढलं की
अकरा-दहाची टिकटिक ऐकू यावी.
एक वाक्य लिहा म्हटलं, तर लिहिलं,
आज हवा स्वच्छ आहे.
पूर्णविरामासकट.
तीसपैकी तीस.
डॉक्टर हसला, "गुरुजी, आता तुम्हीच घ्या माझी परीक्षा."

भागरथाबाई दाराशी उभ्या होत्या,
सगळं संपल्यावर बोलायचं असतं असं समजून.
"साहेब, हे रातच्या तीनला उठतेत.
अंगणात उभं राहून हजेरी घेतेत. चवथीची.
एक नाव घेतेत आन थांबतेत.
उत्तर नाई आलं त हालत नाईत, किती का थंडी असंना.
मंग मीच म्हणतो, हजर.
बेचाळीस लेकरं हायेत, साहेब.
एखाद्या रात्री मले विचारतेत,
तुमी कोनाच्या पालक?"

डॉक्टरनं कागद पुन्हा पाहिला.
कागद बरोबर होता.
डोक्याचा फोटो काढू म्हणाला, चंद्रपूरला.
नंबर लागेस्तोवर उन्हाळा आला.
अहवालात एकच शब्द कळण्यासारखा :
वयोमानानुसार.
भागरथाबाईंनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला,
मग सहीखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं,
"आन इथं काय हाये?"

माझ्या नोंदवहीत शेऱ्याचा रकाना अंगठ्याएवढा.
इरपाबाईसमोर लिहिलं, संशयित.
गुरुजींसमोर, ठीक.
अक्षर चांगलं आलं. त्यांनीच वळण लावलेलं.

परवा बाळंतपण आटोपून परतत होते,
बोडीच्या पाळीवरून, तीनच्या सुमाराला.
कुंपणापलीकडे ते ताठ उभे,
हातात काहीच नाही, तरी पान उलटत होते.
एकोणतीस.
कुमारी संघमित्रा शेंडे.
मी पायातली चप्पल जागच्या जागी धरली.
तोंड उघडायच्या आत
घरातून, झोपेतून, भागरथाबाईंचा आवाज आला,
हजर.
गुरुजींनी हवेत बारीक खूण केली
आणि तिसावं नाव घेतलं.