बंद मॉडेल

रेणापूर नाक्यावर म्हैस आडवी आली की थांबावंच लागतं.
तेवढ्यात बाजूचा पोरगा विचारतो,
"काका, ही कोणती गाडी हाय?"
टाकीवरचं नाव आधीच्या मालकाच्या गुडघ्यानं पुसून नेलंय.
मी म्हणतो, एन्टायसर.
"बुलेट का?"
बुलेटच्या मावशीची पोरगी.
तो हसतो. म्हैस जाते.

उदगीरच्या हुडगे सरांनी दिली, अठरा हजारात.
पैसे मोजले, चहा झाला, किल्ली हातात आली
आणि सर म्हणाले, थांबा.
आतून जुना टॉवेल आणून सीट पुसली,
दोनदा पुसली.
"चोक हळू ओढा. सकाळी तिला घाई आवडत नाही."
आरसी बुकावर अजून त्यांचंच नाव आहे.
जाऊ, जाऊ म्हणतो आरटीओत.

माझं काम जनावरांचं.
मागं नायट्रोजनचा कॅन, ट्यूबच्या रबरानं आवळलेला,
हँडलला पिशवी, तीत हातमोजे, सलाईन
आणि कुणाच्या तरी आखाड्यावरची चार वांगी.
खरोळा, पानगाव, पोहरेगाव.
काळी माती मडगार्डात गच्च बसते
तेव्हा तुराट्यानं खरवडत बसायचं,
खूर साफ करावा तसं.
गाय बिचकत नाही हिच्या आवाजाला,
कुत्री मात्र ओळखतात
आणि सुई आठवून घराच्या मागं जातात.

क्लच गेला त्या वर्षी
मोमीन चाचांनी हात पुसत सांगितलं,
"इसका सामान नै मिलता साब. बनानेवाले भूल गये."
तीन आठवडे मी एसटीनं, कॅन मांडीवर घेऊन.
मग परळीत, भंगाराच्या दुकानामागं,
पत्र्याखाली दुसरी सापडली. काळी.
तिच्या सीटखाली मांजर व्यायलेलं,
पिलांचे डोळे अजून मिटलेले.
चाचा म्हणाले, थांबू.
आम्ही बारा दिवस थांबलो.
मग क्लच काढला, डावं कव्हर काढलं, मीटरही काढलं.
तेव्हापासून माझ्या लाल गाडीला एक बाजू काळी,
आणि आकडे मोजतात
ती दुसरी जिथं थांबली तिथून पुढं.

दिवाळीनंतर मुक्ताला मागं बसवून सहस्रकुंडला निघालो.
अहमदपूर, लोहा, नांदेड.
पंचावन्नच्या पुढं ती थरथरते,
म्हणून आम्ही पंचावन्नवर.
सगळे पुढं गेले, ट्रॅव्हल्स, टमटम,
एक नवरदेवसुद्धा.
मुक्ता म्हणाली, बरंय, बोलता येतंय.
भोकरच्या पुढं सागवान लागला
आणि ती गप्प झाली.

धबधबा बघून परत आलो तर
गाडीजवळ एक माणूस उभा.
कोणती गाडी, असं त्यानं विचारलं नाही.
"माझ्याकडं होती," म्हणाला. "काळी."
कुठं गेली?
"दिली परळीकडं कुणाला तरी. भाच्यानं परस्पर."
परळीत असतील काळ्या गाड्या कितीतरी.
तो वाकून मीटर बघत होता.
मी ते हातानं झाकलं नाही,
सांगितलंही नाही काही.
त्यानं डाव्या कव्हरवरची धूळ
अंगठ्यानं एका जागी पुसली,
तिथं ओरखडा होता, मला माहीत नसलेला.

"ॲव्हरेज काय देती?"
पंचावन्न.
"माझी साठ द्यायची," तो म्हणाला,
आणि मी किक मारेपर्यंत हलला नाही.