पिन बसत नाही

दहातले सात फोन हीच तक्रार घेऊन येतात:
पिन बसत नाही, बघ की बे जरा.
मी टाचणी घेतो, दिव्याखाली फोन उलटा धरतो
आणि चार्जिंगच्या भोकातून हळूच
सूत ओढून काढतो.

कन्ना चौकातल्या माझ्या साडेचार फुटी टपरीत
कुणी सांगावं लागत नाही
कुठल्या मागावर या आठवड्यात काय चढलंय.
लाल निघालं की मोरांची चादर.
पांढरं, फुसफुशीत निघालं की टॉवेल, परदेशची ऑर्डर.
मार्चमध्ये भूमय्या कुरापाटीच्या फोनातून
तीन आठवडे काहीच निघालं नाही.
नुसती धूळ.
मी पैसे घेतले नाहीत. त्यानंही का म्हणून विचारलं नाही.

फोन बोलायसाठी असतो, असं भूमय्याला सांगा, हसेल.
तुटलेला धागा शोधायला मागाखाली घालायची ती बत्ती.
पगार त्यातच पडतो, टुंग करून,
आणि किराणावाल्याकडे तिथूनच जातो, टुंग करून;
नोटेचा वास घ्यायचा राहून जातो, म्हणतो.
रात्री तो उशाखाली, कारण पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही पहाटे अडीचला,
आणि गल्लीच्या ग्रुपवर जो पहिला जागा होईल
तो एकच शब्द टाकतो: आलं.
तेवढ्यावर सगळ्या घागरी उठून बसतात.

विडी घरकुलातली अंबूबाई चिप्पा
नवा फोन घेऊन आली, मुलानं भिवंडीहून पाठवलेला.
अंगठा लावला. उघडेना.
पदराला पुसून लावला, फुंकर मारून लावला.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणाला फोन.
चाळीस वर्षं, रोज हजार विड्या:
अंगठा जुन्या चार आण्यासारखा झालेला,
सिंह पुसून गेलेला.
रेशनच्या दुकानातबी हेच, ती म्हणाली,
मशीन म्हणतंय, तू न्हाईस.

मावशी, म्हटलं, बोटानं एक आकार काढा, त्यानं उघडेल.
कसला?
कसलाही. ध्यानात राहील असा.
तिनं नऊ ठिपक्यांवरून बोट फिरवलं, विचार न करता:
पान कापायच्या पत्र्याची चौकट,
एक कोपरा किंचित तिरका.
उघडला.
सरे, म्हणाली ती. मला नाही, फोनला.

परवा कंपनीचा पोरगा आला. बाहेर त्रेचाळीस,
गळ्यात टाय, टायवर घाम.
काका, पुढच्या फोनला भोकच नसणार.
नुसता ठेवला की चार्ज. रुमालासारखी घडी घालायची.
कुठलीही भाषा बोलेल, नाडी बघेल,
श्वास ऐकून दुखणं सांगेल.
मी विचारलं, आणि सूत आत गेलं तर?
जाणारच नाही काका. सील असतं.

खोटं कशाला बोलू, हौस मलाही आहे.
तेलुगूचं कन्नड, कन्नडाचं मराठी तो चोख करू लागला
तर माझ्या बायकोचं नि आईचं जमेलही.
किंवा आत्ता थोडंफार जमतं ते मोडेल.
श्वास ऐकणारा आला की पहिला
भूमय्याच्या छातीला लावीन.
तिथं कापूस वाजतो, हे मला
फोनशिवायच ऐकू येतं, तो बाकड्यावर बसला की.
तिथं कुठली टाचणी घालायची?

पोरगा पत्रकं ठेवून गेला. जाड कागद, छान.
शेंगाचटणीच्या डब्याखाली एक अंथरलं.

काढलेलं सूत मी बरणीत टाकतो, फेकवत नाही.
थोरली म्हणते, पप्पा, वाती करा त्याच्या.
आज दुपारी एका फोनातून हिरवं निघालं,
पोपटी, चांगलं बोटभर लांब.
हिरवं या भागात सध्या कुणी विणत नाही.
फोन कुणी ठेवला तेच आठवेना.
संध्याकाळी येईल घ्यायला.
विचारतो.