तीनशे सेकंद

भांडुप, गच्चीवर दुपारचे बारा-दहा.
नव्या पॅनेलांच्या सावलीत मी डबा उघडते.
इन्व्हर्टरच्या पडद्यावर आकडे उलटे चालतात:
दोनशे अठ्ठ्याण्णव, दोनशे सत्त्याण्णव.

"एवढं ऊन पडलंय," सेक्रेटरी कर्णिक म्हणतात,
"मग हा डबा थांबलाय कशाला?"
ऐकतोय, मी सांगते.
दोन पोरी लांब दोरी फिरवतायत,
तिसरीला आत शिरायचंय.
कशी कडेला उभी राहून नुसती मान हलवते,
दोरीसोबत, दोरीसोबत,
आणि मग एकदम आत! तसं.
सेकंदाला पन्नास फेरे. चुकलं की पायात अडकते.
कर्णिकांना मुली नाहीत.
ते घड्याळ बघतात.

टक्.
रिले बसतो. आमचं ऊन गल्लीत उतरतं,
पिठाच्या चक्कीत, कुणाच्या तरी मिक्सरमध्ये.
गल्लीच्या टोकाला व्होल्टेज दमलेलं असतं,
म्हणून मी आणखी एक आकडा भरते:
थोडी अशी वीज, जी स्वतः काही दळत नाही,
नुसती शिडी धरून उभी राहते.
"तिचे पैसे मिळतात?"
नाही हो, शिडी धरायचे कोण देतं?

बारा बेचाळीसला सगळं गेलं.
चक्की घरघरत थांबली.
आणि आमचा डबाही, डोळ्याचं पातं लवायच्या आत.
लगेच फोन. तिसऱ्या मजल्यावरच्या फर्नांडिस बाई:
"लाखांचं सामान वर चढवलंत,
आणि भर उन्हात लिफ्ट बंद?"

कठड्यावरून खाली बघते.
नाक्यावरच्या खांबाला शिडी लागलीय,
वर पिवळं हेल्मेट. नाव माहीत नाही.

बाबांच्या वेळी एका हॉलवाल्याचा जनरेटर
मेलेल्या तारेत उलटा शिरला होता.
हॉलमध्ये हळद चालू होती.
तेव्हापासून बाबा शर्टाची बटणं
तीन बोटांनी लावतात,
आणि कुणी लावून द्यायला गेलं तर चिडतात.
"बंद तार बंदच असेल असं नाही, पोरी."

हे कर्णिकांना सांगत नाही.
फर्नांडिस बाईंना म्हणते, खांबावर माणूस आहे.
पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.
मग: "बरं. जिन्याने येते."

एक-सतराला पंखे फिरले.
हेल्मेट खाली उतरलं, रसवंतीकडे गेलं.
चक्की सुरू.
आमचा डबा अजून कडेला उभा,
मान हलवत.
दोनशे नव्व्याण्णव.
भेंडी गार झालीय.