रुंदी

कागदावर लिहून आलं होतं:
लांबी चोवीस फूट, रुंदी सहा.
खाली तीन शिक्के, आणि एक टीप:
डोक्याकडची बाजू कुठलीच दिसू नये.

वादी कबीरच्या गल्लीत माझा रंधा चालतो.
अठरा वर्षं मस्कतमध्ये
दारं, कपाटं, मशिदीचे कठडे,
एकदा एका शेखाच्या ससाण्यासाठी दांडी.
तहाचं टेबल प्रथमच.

लाकूड आलं सूर बंदरातून,
मोडीत निघालेल्या गलबताचं सागवान,
खिळ्यांच्या भोकांत अजून मीठ.
कधीकाळी आमच्याच किनाऱ्यावरून गेलेलं.
पहिला भुसा उडाला तेव्हा नाकाला कळलं.

झुहैर आमचा मुकादम.
जन्म कुवेतचा, कागद जॉर्डनचे.
गाव विचारलं तर अशा गावाचं नाव सांगतो
जे विकतच्या नकाशात सापडत नाही.
बहीण गाझात शाळेत शिकवायची.
‘शिकवायची’पाशी तो थांबतो,
पुढचं वाक्य दुसरंच काहीतरी असतं.

मी त्याला सांधा दाखवत होतो.
म्हटलं, बघ, ही चूल, ही खोबण.
दोन्ही लाकडांनी थोडं सोडलं तरच धरतं.
नुसत्या सरसावर टेबल उभं राहतं फोटोपुरतं.
तो म्हणाला, मेस्त्री,
एका लाकडातून आधीच किती गेलंय
ते न मोजता करवत लावतोस तू?

लावत नाही.
तासून तासून बारीक झालेली फळी आली
तर आधी तिला भर घालतो, मगच खूण करतो.
हे मलाच ठाऊक होतं, आणि तो मला सांगत होता.
त्या दुपारी मी नुसती पटाशीला धार लावत बसलो.

गुरुवारी पलीकडचा माणूस आला पाहणीला.
छातीवर बिल्ला: हननेल रोहेकर.
रोहेकर वाचलं आणि हातातला गुण्या खाली ठेवला.
जन्म डिमोनाचा, आजी रेवदंड्याची.
मराठी बोलला, ट्रंकेतून घडी मोडून काढल्यासारखी:
“मेस्त्री, घडवंची बरी साधली हो.”
घडवंची! मी दुरुस्त केलं नाही.

चहा घेताना, कुणी विचारलं नसताना, म्हणाला,
भाच्याला सरहद्दीवरून उचलून नेलं.
सुटणार म्हणून घरी मलिदा केलेला.
आली ती पेटी.
झुहैर दाराशी उभा. त्याला मराठी येत नाही.
पण ‘पेटी’ म्हणताना हात जेवढे लांब जातात
तेवढेच जातात सगळ्या भाषांत.

आता माझा गुन्हा.
सहा फूट फार होते.
दोन खुर्च्या ठेवून, पोराला समोर बसवून पाहिलं:
सहा फुटांवरून भाषण ऐकू येतं.
‘आमचं चुकलं’ हे कुणी ओरडून म्हणत नाही.
मी एक हात कमी केला.

संध्याकाळी झुहैरने टेप ओढली.
आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
वहीत लिहिलं: सहा.
सकाळी रोहेकरांनी ओढली.
चष्मा पुसून पुन्हा ओढली.
झुहैरच्या सहाखाली लिहिलं: सहा.
दोन सह्या, दोन लिप्या,
दोन्ही उजवीकडून डावीकडे गेलेल्या.

हा काही तह नव्हे.
एका हाताची चोरी, तिघांनी पचवलेली.
यानं ना जमीन परत मिळते, ना माणसं,
आणि ‘शिकवायची’चं
‘शिकवते’ होत नाही.

बैठक पुढे ढकलली. मग आणखी पुढे.
टेबल गोदामात, वर ताडपत्री.
इथल्या दमट हवेत लाकूड फुगतं,
म्हणून दर शुक्रवारी कुलूप काढून सांधे चाचपतो.
अजून करकरत नाहीत.

परवा झुहैरही आला मागोमाग.
ताडपत्री सारून एका बाजूला बसला,
कोपरं टेकली,
आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला
काहीतरी म्हणाला, हळू.

मी दाराशी होतो, मला ऐकू आलं नाही.
खुर्चीपर्यंत पोचलं असावं.